पिल्लं बारीक आली? आधी चलानवरचं आईचं वय बघा

कोंबडीच्या पिल्लांचं खोकं उघडल्याबरोबर आमच्या हॅचरीत (अंडी उबवून पिल्लं काढतो तिथे) फोन येतो, "मागच्या खेपेला टपोरी होती, या वेळी बारीक दिलीत." तक्रार खोटी नसते. पण बारीक पिल्लू वेगळं आणि अशक्त पिल्लू वेगळं. डोळे चमकदार, नाभी कोरडी आणि बंद, उताणं ठेवलं की लगेच उलटून उभं राहतं, असं पिल्लू 35 ग्रॅमचं असलं तरी चांगलंच.

वजन ठरतं ते अंड्यावरून, आणि अंड्याचं वजन आईच्या वयावरून. ब्रॉयलरची (मांसासाठी वाढवायच्या पिल्लांची) पेरेंट कोंबडी, म्हणजे त्यांची आई, साधारण 25व्या आठवड्यात अंड्यावर येते आणि 60-65 आठवड्यांपर्यंत ठेवतात. सुरुवातीची अंडी 50-52 ग्रॅमची, अखेरची 70च्या आसपास. पिल्लू भरतं अंड्याच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे 51 ग्रॅमच्या अंड्यातून 34 ग्रॅमचं आणि 69च्या अंड्यातून 46 ग्रॅमचं पिल्लू येणारच. त्यात हॅचरीची हातचलाखी काही नाही.

तरुण आईच्या अंड्यात बलकही लहान. पिल्लू पोटात हीच शिदोरी घेऊन येतं. ती कमी असल्यामुळे अशी पिल्लं लवकर गारठतात आणि लवकर सुकतात. इंदूरकडे डिसेंबरात रात्रीचा पारा 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा हे फार जाणवतं. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 33-34 अंश ठेवा, नेहमीपेक्षा अंशभर जास्तच. ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी जागा) पिल्लं यायच्या आदल्या दिवसापासून तापवा, गाडी दारात आल्यावर नव्हे. संध्याकाळी दहा-वीस पिल्लांचा गळ्याखालचा पोटा चाचपा: मऊ आणि भरलेला हवा. सातव्या दिवशी वजन पहिल्या दिवसाच्या चौपट झालं, की गाडी रुळावर आहे. विक्रीपर्यंत वजनात थोडा फरक राहू शकतो, हे मात्र आम्ही लपवत नाही.

मोठी पिल्लं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. आई 50 आठवड्यांच्या पुढे गेली की कवच पातळ होतं, जंतू आत शिरायला वाव मिळतो. अशा लॉटमध्ये ओली किंवा काळी नाभी आणि दुर्गंधी आधी तपासा.

आता आईच्या ताटाकडे. कोंबडीला जीवनसत्त्वं कमी पडली तरी ती काही काळ अंडी देतच राहते आणि अंडं दिसायला ठीकच असतं. कमतरता कळते ती आतल्या जिवाला. रायबोफ्लेविन (बी-2) कमी पडलं तर भ्रूण मधेच मरतात, पिसांची लव गुठळ्यांसारखी होते, बोटं आत वळतात. मँगनीज कमी असेल तर पाय आखूड आणि चोच पोपटासारखी. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी, तर पिल्लं मरगळलेली. माळव्यात सोयापेंडेला तोटा नाही, पण ती नीट भाजलेली नसेल तर प्रथिनं पचत नाहीत. आणि पावसाळ्यातला ओलसर मका बुरशीचं विष घेऊन येतो. म्हणून पेरेंटच्या खाद्यात आम्ही मका ओलावा मोजूनच घेतो. वळलेली बोटं एखाद्या पिल्लात दिसली तर काळजी नको. कधी गुळगुळीत कागदावर पाय घसरूनही असं होतं. बरीच दिसली तर फोटो पाठवा.

दोन वयांच्या आयांची पिल्लं एका ब्रूडरमध्ये मिसळू नका. मोठी पिल्लं लहानांना भांड्याजवळ येऊ देत नाहीत. शिवाय आईकडून आलेली रोगप्रतिकारकं सगळ्यांत सारखी नसतात, आणि ती दर तीन-चार दिवसांनी निम्मी होत जातात. गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस मग कुणाला लवकर, कुणाला उशिरा ठरते. लसीचा दिवस तुमच्या पशुवैद्यांना आईचं वय सांगून ठरवा.

पिल्लांसोबत येणाऱ्या चलानच्या उजव्या कोपऱ्यात 'आई 28' किंवा 'आई 54' असा आकडा असतो, तो आठवड्यांचा. कोपरा कोरा दिसला तर खोकी उतरवण्याआधी आम्हाला फोन करा.