गोवराची लस ज्यू धर्माला निषिद्ध आहे का?

ज्यू धर्म लसीला मनाई करतो, म्हणूनच २०१८-१९ मध्ये न्यू यॉर्कच्या कर्मठ ज्यू वस्त्यांत गोवर पसरला, असे आजही सांगितले जाते. हे खरे नाही, आणि एका संपूर्ण समाजावर अन्याय करणारे आहे.

ज्यू धर्मशास्त्रात जीवरक्षणाचे कर्तव्य जवळजवळ सर्व नियमांहून श्रेष्ठ मानले जाते. त्यासाठी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवसही मोडता येतो. एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित) लसीत डुकरापासून बनवलेले जिलेटिन असते हा आक्षेपही टिकत नाही, कारण आहाराचे नियम खाण्याला लागू होतात, टोचून घेतलेल्या औषधाला नव्हे. एकोणिसाव्या शतकातच रब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्रायल लिपशित्झ यांनी देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरचा पुण्यवान म्हणून गौरव केला होता, आणि २०१८ च्या साथीत ऑर्थोडॉक्स युनियन या अमेरिकेतील कर्मठ ज्यूंच्या संघटनेने लसीकरणाचा स्पष्ट आग्रह धरला.

मग साथ का पसरली? इस्रायलमध्ये संसर्ग झालेल्या, लस न घेतलेल्या मुलापासून ती न्यू यॉर्कच्या विल्यम्सबर्ग आणि बरो पार्क या वस्त्यांत आली. दाट वस्ती, मोठी कुटुंबे आणि लांबलेले डोस यांमुळे ती वाढली, तर ऑटिझमची निराधार भीती घालणाऱ्या पुस्तिकांनी काही पालकांना लसीपासून दूर ठेवले. ही भीती धर्मग्रंथांतून आलेली नव्हती. ती १९९८ च्या ज्या शोधनिबंधातून बळावली, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. शहरात ६४९ रुग्ण आढळले. साथ आटोक्यात आणताना त्याच समाजातील डॉक्टर, परिचारिका आणि रब्बी पालकांना समजावत होते.