चार मिनिटांत चरबी? जरा हिशेब मांडू

'फक्त चार मिनिटांत चरबी जाळा' असं सांगणारे व्हिडिओ बहुधा इझुमी ताबाता यांचं नाव पुढे करतात. या जपानी संशोधकाचा गाजलेला प्रयोग 1996 सालचा. 20 सेकंद जीव तोडून सायकल मारायची, 10 सेकंद थांबायचं, असे सात-आठ फेरे. सहा आठवड्यांत प्रयोगातल्या तरुणांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढलीच, शिवाय ऑक्सिजनचा पुरवठा अपुरा पडत असताना ऊर्जा काढण्याची ताकदही 28 टक्क्यांनी वाढली. तासभर मध्यम वेगाने सायकल चालवणाऱ्या गटात ही दुसरी ताकद जागची हलली नाही. पण प्रयोगाचा विषय दमसास होता, चरबी नव्हे. ते मागाहून चिकटवलेलं लेबल.

जोर लावल्यावर स्नायूत काय घडतं ते पाहा. पहिले काही सेकंद स्नायू स्वतःकडच्या क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या साठ्यावर, चालतो. दहाएक सेकंदांत तो साठा बराच उतरतो आणि ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, झपाट्याने फोडलं जाऊ लागतं. आम्लता वाढते, मांड्या पेटतात, पेडल जड होतं. थांबल्यावर क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पुन्हा भरतो, पण पुरता भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणजे विश्रांतीची लांबी हाही व्यायामाचाच भाग आहे. ती आखडली तर पुढच्या फेरीत जोर घटतो आणि भार हृदय-फुप्फुसांवर सरकतो. लांबवली तर प्रत्येक फेरी तितक्याच ताकदीने मारता येते.

आता चरबी. जोराच्या क्षणी मुख्यतः ग्लायकोजेन जळतं, चरबी नाही. 'व्यायाम संपल्यावरही कॅलरी जळत राहतात' हे खरं, पण किती? साधारणपणे व्यायामात खर्चलेल्या ऊर्जेच्या 6 ते 15 टक्के. 200 कॅलरींच्या सत्रानंतर वरकड मिळतात 12 ते 30. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, तेव्हा या वरकमाईवर फार विसंबू नये. अनेक प्रयोग एकत्र तपासले तर इंटरव्हल (जोर आणि विश्रांती आलटून-पालटून) आणि संथ व्यायाम चरबी घटवण्यात जवळपास सारखेच ठरतात. इंटरव्हलचा फायदा वेळेचा. बाकी ताटात काय आणि किती, यावरच बरंचसं ठरतं.

स्नायूंचं गणित आणखी वेगळं. पूर्ण जोरात वेगवान तंतू कामाला लागतात, त्यामुळे नवख्याच्या मांड्या थोड्या भरतात. पण स्नायू वाढायला ताण लागतो, आणि तो हळूहळू वाढवत न्यावा लागतो. त्यासाठी वजनं उचलणं हा सरळ मार्ग. सायकलने छाती-पाठ कशी भरणार?

वजनं आणि इंटरव्हल, दोन्ही एकत्र करताना अतिरेक मात्र नडतो. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 साली दहा आठवडे काही जणांकडून वजनांचा व्यायाम आणि सायकलच्या इंटरव्हल व धावणं, दोन्ही जवळजवळ रोज करून घेतलं. सुरुवातीला ताकद वाढली, मग थबकली, आणि शेवटच्या आठवड्यांत चक्क उतरली. माझ्या मते आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं, दोन दिवस इंटरव्हल, तेही शक्यतो वेगळ्या दिवशी, एवढं पुष्कळ झालं. सोबत शरीराच्या दर किलोमागे रोज 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर जोराच्या फेऱ्यांआधीही त्यांना विचारावं.

आणि प्रगती पाहताना कमरेला टेप लावा. स्नायू वाढत आणि चरबी घटत असताना वजनकाटा आठवडेच्या आठवडे तोच आकडा दाखवू शकतो.