गिअरबॉक्स-बदल, ऑटोमॅटिक ते मॅन्युअल

मोटारीचा मूळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून तिथे क्लच आणि हाताने टाकायच्या गिअरांचा गिअरबॉक्स बसवण्याची प्रथा. हौशी मंडळी तिला ‘मॅन्युअल स्वॅप’ म्हणतात. परिभाषेत गिअरबॉक्सला दंतचक्रपेटी असा शब्द आहे, पण गॅरेजात तो कोणी उच्चारत नाही. म्हणून या नोंदीत रूढ शब्दच ठेवले आहेत.

उगम : ही प्रथा १९४० च्या मागे नेता येत नाही, कारण बदलण्याजोगा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच त्याआधी बाजारात मोठ्या संख्येने नव्हता. जनरल मोटर्सने ‘हायड्रा-मॅटिक’ हा चार गिअरांचा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत दिला. त्याच्या जनकत्वाबद्दल मात्र मतभेद आहेत. कॅनडातील आल्फ्रेड हॉर्नर मन्रो यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी असा गिअरबॉक्स रचला होता. पण तो तेलाऐवजी दाबलेल्या हवेवर चालत असल्याने त्याची ताकद तोकडी पडली. जोझे ब्राझ अरारिपे आणि फर्नांदो लेमोस या ब्राझिली अभियंत्यांनी १९३२ च्या सुमारास आपला नमुना जनरल मोटर्सला विकला, असा दावा ब्राझीलमध्ये आग्रहाने मांडला जातो. इंजिन आणि गिअर यांना तेलातून जोडण्याची कल्पना त्याहून जुनी : हेरमान फ्यॉटिंगर यांनी ती १९०५ मध्ये जहाजांसाठी पेटंट केली होती. हे सारे धागे मान्य करूनही हायड्रा-मॅटिकचे श्रेय अर्ल टॉम्पसन यांच्या चमूला देणे अधिक सयुक्तिक वाटते. गंमत अशी की १९२८ च्या कॅडिलॅकमध्ये आलेला सिंक्रोमेशही टॉम्पसन यांचाच. मॅन्युअल गिअर कुरकुर न करता पडू लागला तो याच माणसामुळे आणि पुढे गिअर टाकायची गरजच संपली तीही त्याच्यामुळे.

गिअरबॉक्स-बदलाची चाल मुख्यतः अमेरिकेत रुजली. तिथे ऑटोमॅटिक गाड्या मुबलक आणि स्वस्त, तर त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाड्या कमी आणि महाग. या तफावतीतूनच ती वाढली.

काय काय बदलते : अपघातात गेलेली त्याच मॉडेलची मॅन्युअल गाडी भंगारात मिळाली, तर निम्मे काम झाले असे समजतात. इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर आणि तो धरणारी पातळ चकती निघते. तिच्या जागी जड फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग येतात. पेडलांचा संच, क्लचचे दोन सिलिंडर आणि गिअरबॉक्सखालचा आडवा आधार बदलावा लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टही बहुधा वेगळ्या लांबीचा लागतो. गिअरबॉक्सचे तेल थंड करण्यासाठी रेडिएटरकडे गेलेल्या नळ्या बंद करतात.

खरी मेख क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाशी असते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे नाक तिथल्या भोकातल्या छोट्या पायलट बेअरिंगवर टेकते. ऑटोमॅटिकमध्ये त्या बेअरिंगचे काम नसल्याने काही इंजिनांत, विशेषतः क्रायस्लरच्या जुन्या इंजिनांत, ते भोक पुरते कोरलेलेच नसते. मग एक तर भोक नीट करून घ्यावे लागते, किंवा कन्व्हर्टरच्या बाहेरच्या खाचेत बसणारे मोठे बेअरिंग वापरावे लागते. काही जण सरळ शाफ्टचे नाक कापतात. तसे केल्यास शाफ्ट निराधार राहतो, गिअरबॉक्स घरघरू लागतो आणि बेअरिंग लवकर जाते.

दुसरी अडचण वायरिंगची. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्येच सुरू होते, ते पाहणारा स्विच गिअरबॉक्सबरोबर निघून गेला की स्टार्टर फिरतच नाही. घाईत दोन वायरी पिळून जोडल्या तर गाडी सुरू होते खरी, पण गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली की पुढे झेप घेते. म्हणून ते सर्किट क्लच पेडलच्या स्विचमधून नेणेच योग्य. मागे घेतानाच्या दिव्याची वायरही नव्या जागी न्यावी लागते. १९९० नंतरच्या गाड्यांत इंजिनाचा संगणक हरवलेला गिअरबॉक्स शोधत बसतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावून ठेवतो. तो संगणक मॅन्युअलसाठी कोड करून घ्यावा लागतो.

व्याप्तीचा वाद : बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मधील ‘एसएमजी’ किंवा फेरारी एफ४३० मधील ‘एफ१’ गिअरबॉक्स काढून टाकणे हाही मॅन्युअल स्वॅपच, असे बरेच जण मानतात. मात्र या गिअरबॉक्सांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. आत मॅन्युअलसारखाच गिअरबॉक्स असून क्लच आणि गिअर हायड्रॉलिक पंपाच्या दाबाने हलतात. एम३ च्या दोन्ही प्रकारांत तर गेट्रागचा गिअरबॉक्स मुळात एकच. पंप उतरवून तिसरे पेडल बसवले की काम बरेचसे होते. काटेकोरपणे पाहता याला बदलापेक्षा उलगडा म्हणणे जास्त बरोबर. फेरारीच्या बाबतीत कारण पैशाचे असते : कारखान्यातून मॅन्युअल आलेल्या एफ४३० ला चढी किंमत मिळते. नंतर बदललेली गाडी संग्राहक त्या तोलाची मानत नाहीत.

परवाना आणि कायदा : ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर चाचणी दिलेल्याला मॅन्युअल चालवता येत नाही, जपानमध्येही १९९१ पासून ऑटोमॅटिकपुरता वेगळा परवाना आहे. तेव्हा गिअरबॉक्स बदलून घेतलेल्या मालकावर स्वतःच्याच गाडीत शेजारी बसण्याची पाळी येऊ शकते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरफारांना लागू होते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये घेतली. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घेणे भाग पडते.

भारतातील स्थिती : ऑटोमॅटिक गाड्याच इथे उशिरा रुळल्या, म्हणून ही प्रथाही तुरळक. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत ‘एएमटी’ आली. तीही वर सांगितलेल्या एसएमजीच्याच जातीची, म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेला, क्लच आणि गिअर आपोआप हलवणारा ॲक्च्युएटर. असा बदल करायचाच झाला, तर त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीची पेडले आणि गिअर लिव्हर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोधावी लागतात.