कास्तेल (कातालोनियातील मानवी मनोरे)

स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनिया प्रांतात सणासुदीला गावच्या चौकात माणसांवर माणसे उभी करून जो मनोरा रचतात, त्याला कास्तेल म्हणतात. मनोरा रचणारा तो कास्तेलेर आणि त्यांचे पथक म्हणजे कोल्या. 2010 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत कास्तेलचा समावेश केला. मराठी वाचकाला हे वाचताच दहीहंडी आठवणार, ते साहजिकच आहे. मात्र कास्तेलच्या टोकाला फोडायला काही नसते. सर्वांत वरचे मूल एक हात वर करते आणि क्षणाचाही वेळ न दवडता दुसऱ्या बाजूने उतरू लागते. त्यानंतर सगळे थर न कोसळता खाली आले, तरच मनोरा पुरा झाला असे मानतात.

ही प्रथा तारागोना शहराजवळच्या वाल्स या छोट्या गावातली. दक्षिणेकडील वालेन्सिया भागातून आलेल्या एका मिरवणूक-नृत्याच्या शेवटी नर्तक छोटासा मनोरा करत. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाल्सकरांनी नाच बाजूला ठेवला आणि मनोऱ्याचीच चुरस सुरू केली. गावात दोन तट पडले. ‘कोल्या वेल्या’ (जुने पथक) आणि ‘कोल्या जोव्हेस’ (तरुणांचे पथक) ही त्यांची आजची रूपे. गाव लहान आणि पथके दोन, म्हणजे वैर किती मुरलेले असेल याची कल्पना गावकी पाहिलेल्या कोणालाही करता येईल.

मनोऱ्याचे नाव हेच त्याचे गणित असते. ‘त्रेस द वुइत’ म्हणजे दर थराला तीन माणसे, असे आठ थर. ‘क्वात्रे द नोउ’ म्हणजे चार-चारांचे नऊ थर. थराला दोनच माणसे असली तर त्याला ‘तोरे’ म्हणतात आणि एकच असला तर ‘पिलार’. वरचे तीन थर मात्र पिलार सोडला तर प्रत्येक मोठ्या मनोऱ्यात सारखेच असतात: आधी दोन मुले (दोसोस), त्यांच्यावर वाकून बसणारे एक मूल (आकोचादोर) आणि त्याच्या पाठीवरून पलीकडे जाणारे शेवटचे मूल, आन्शानेता. हात वर करण्याच्या त्या खुणेला ‘आलेता’ म्हणतात. आपल्याकडे थर लावून वरचा गोविंदा सलामी देतो, तिच्याशी ही खूण अगदी जवळची.

खाली पसरलेला पाया म्हणजे पिन्या, आणि माझ्या मते कास्तेलचा जीव तिथेच आहे. फोटोत डोळे वर जातात, पण वजन तोलले जाते ते या गर्दीत, आणि ती गर्दी मुळीच विस्कळीत नसते. सर्वांत खालच्या माणसाच्या दोन्ही काखांखाली एकेक जण कुबडीसारखा घुसतो, पाठीला पाठीराखा चिकटतो, समोरच्या पोकळीत आणखी एक उभा राहतो. त्यानंतर लांब हातांची माणसे दुसऱ्या थराच्या मांड्या आणि नितंब धरून ठेवतात, आणि त्यांच्या मागे छातीला पाठ लावून रांगाच रांगा. मोठ्या मनोऱ्याला काहीशे माणसे लागतात. प्रत्येकाने हनुवटी छातीकडे घेऊन मान खाली ठेवायची असते, कारण वरून माणूस पडला तर तो याच पाठींवर पडणार. म्हणजे मनोरा ज्यांच्या बळावर उभा आहे त्यांना तो दिसतच नाही. त्यांना तो कळतो कानांनी: ग्राल्या नावाचे, आपल्या सनईच्या कुळातले वाद्य आणि ताबाल हा ढोल यांची ठरलेली धून चढाईबरोबर पुढे सरकते. आलेता झाली, उतरण सुरू झाली, हे पिन्यातल्या माणसाला सुरांवरून समजते. ग्राल्या वाजायला लागण्याआधी पथकाच्या नायकाला पाया डळमळीत वाटला, तर तो मनोरा उतरवून घेऊ शकतो. तो प्रयत्न हिशेबात धरत नाहीत.

नऊ-दहा थरांसाठी पिन्याच्या डोक्यावर दुसरा लहान पाया रचावा लागतो, तो फोल्रे. त्याच्याही वर तिसरा, म्हणजे मानिल्येस.

पोशाख साधा असला तरी त्यातली एकही गोष्ट शोभेची नाही. पांढरी विजार, पथकाच्या रंगाचा सदरा, अनवाणी पाय, बुट्टीदार लाल रुमाल. या सगळ्यात महत्त्वाची असते कमरेची काळी फाशा, म्हणजे काही मीटर लांबीची पट्टी. ती बांधायला दोघे लागतात. एक जण टोक ताणून धरतो आणि दुसरा स्वतःभोवती गिरक्या घेत तिच्यात शिरतो. तिने कंबर आवळली जाते, शिवाय चढणारी मुले तिच्या काठावर पायाची बोटे रोवतात. जवळून पाहिले तर वजन पेलणारे बरेच जण सदऱ्याची कॉलर दातांत धरून असतात. खांद्यावरचे कापड सरकून सुरकुती पडली, तर वरच्याचा पाय घसरतो आणि खालच्याच्या खांद्यात ती सुरकुती रुतते.

निकाल सांगण्याची भाषा काटेकोर आहे. आलेता होऊन मनोरा सुखरूप उतरला, तर तो ‘देस्कारेगात’. आलेतानंतर कोसळला, तर फक्त ‘कारेगात’, आणि त्याला गुण कमी. तारागोनाच्या जुन्या बैलझुंजीच्या रिंगणात सम वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठी स्पर्धा भरते. पहिली 1932 साली झाली. एरवी पथके गावोगावच्या जत्रेत चढतात आणि बक्षीस नसतानाही दुसऱ्या दिवशी कोणी काय उतरवले याचीच चर्चा असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नऊ थर होत असत. पुढे द्राक्षमळ्यांवर कीड पडली, गावे ओस पडू लागली आणि आठ थरसुद्धा दुर्मीळ झाले. खरे पुनरुज्जीवन फ्रँकोची हुकूमशाही संपल्यानंतरचे. त्याच सुमारास, 1980 च्या आगेमागे, बायका आणि मुली पथकांत आल्या. त्याआधी हा पुरुषांचा खेळ होता. वरचे थर हलके झाले, पाया रुंदावला, आणि 25 ऑक्टोबर 1981 रोजी कोल्या वेल्याने वाल्समध्ये विसाव्या शतकातला पहिला नऊ थरांचा मनोरा उतरवला. 1998 मध्ये दहा थरही झाले.

ही 1981 ची तारीख मुंबई-ठाण्याच्या गोविंदांना वेगळ्या नावाने ठाऊक आहे: ‘स्पेनचा विक्रम’. गिनीज बुकात वाल्सच्या त्या नऊ थरांची नोंद होती, आणि ती मोडायची हे आपल्या पथकांचे वर्षानुवर्षांचे स्वप्न होते. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, 43.79 फुटांची नोंद झाली आणि विक्रम इकडे आला. त्या वेळच्या जल्लोषात कातालान मंडळी एव्हाना दहा थर लावून मोकळी झाली होती हे फारसे कोणी सांगितले नाही. अर्थात दोन्हींची तुलना सरळ नाही. त्यांना फोल्रे-मानिल्येसचा आधार असतो, तर आपल्याकडचे चार एक्के, म्हणजे एकेकाच माणसाचे वरचे चार थर, तसल्या आधाराशिवाय, वर पाण्याचा मारा सोसत उभे राहतात.

मुलांच्या बाबतीत मात्र वाटा वेगळ्या झाल्या. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यांनंतर 14 वर्षांखालील मुलांना थरांवर चढवता येत नाही. कातालोनियात आन्शानेता आजही साधारण पाच ते दहा वर्षांची असते. 2006 मध्ये एका पथकातील मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या मुलांना खास बनवलेले मऊ हेल्मेट सक्तीचे झाले, आणि सरावात तर खाली जाळीही लावतात. हे पुरेसे आहे का, हा वाद तिथेही मिटलेला नाही.

पाहायला जायचे असेल, तर हंगाम वसंतापासून नोव्हेंबरपर्यंतचा. विलाफ्रांका देल पेनेदेस येथे 30 ऑगस्टला सेंट फेलिक्सचा सण, तारागोनात सप्टेंबरअखेरीस सांता तेक्ला, त्याच दिवसांत बार्सेलोनात मेर्से आणि ऑक्टोबरात वाल्सला सांता उर्सुला, हे मोठे मुहूर्त. बार्सेलोनात गर्दी पर्यटकांची. जाणकार शेरे आणि टोमणे ऐकायचे तर वाल्सचा प्लासा देल ब्लात हा धान्यबाजाराचा जुना चौकच गाठावा. तारागोनात सांता तेक्लाच्या वेळी चार थरांचा पिलार कॅथेड्रलच्या पायऱ्या उतरून चालत चालत नगरपालिकेपर्यंत जातो, तेही चुकवू नये. पिन्यात शिरायला अनोळखी माणसालाही मज्जाव नसतो. चष्मा आणि घड्याळ काढून ठेवायचे, समोरच्याच्या पाठीला छाती भिडवायची आणि मान वर करायची नाही, एवढे पाळावे लागते.

हिवाळ्यात मनोरे थांबतात, तेव्हा वाल्समध्ये काल्सोत या लांब पातीच्या कांद्यांचा हंगाम येतो. ते द्राक्षवेलींच्या काटक्यांच्या जाळावर काळेठिक्कर भाजतात, कौलावर वाढतात, वरची जळकी साल ओढून काढतात आणि बदाम-टोमॅटोच्या चटणीत बुडवून मान मागे टाकून खातात. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी त्यांचा गावजत्रेएवढा मोठा उत्सव भरतो.