दाराच्या काचेचा टवका: भरता येतो का?

गाडीच्या दाराच्या काचेचा टवका उडाला आणि तरीही काच जागच्या जागी उभी असेल, तर ती बहुधा लॅमिनेटेड, म्हणजे दोन थरांची आहे आणि टवका भरता येण्याची आशा आहे. नागपुरात धावणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या दारांत टफन्ड काच असते आणि तिचा स्वभावच वेगळा. ती ६०० अंशांच्या वर तापवून थंड हवेच्या झोताने एकदम निववतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. उमरेड रोडवर टिप्परच्या चाकाखालून उडालेली गिट्टी वरच्या थरातच अडली, तर फार तर ओरखडा उठतो. तडा गाभ्यापर्यंत पोचला, की साठलेली सगळी ऊर्जा क्षणात सुटते आणि मांडीवर शेंगदाण्याएवढ्या तुकड्यांचा ढीग पडतो. तिथे दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

लॅमिनेटेड म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लास्टिकचा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. समोरची काच अशीच असते. दारांत ती महागड्या गाड्यांमध्ये येऊ लागली ती बाहेरचा आवाज अडवायला आणि अपघातात माणूस खिडकीतून फेकला जाऊ नये म्हणून. आपल्या गाडीत कुठली आहे हे पाहायला गॅरेजमध्ये जायची गरज नाही. काच अर्धी खाली घ्या आणि तिची वरची कड उजेडात न्याहाळा. लॅमिनेटेड असेल तर कडेच्या मधोमध एक बारीक रेघ सरळ धावताना दिसते. टफन्डची कड एकसंध असते. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यातही बहुतेकदा प्रकार लिहिलेला असतो.

खडा आदळतो तेव्हा काचेत नेमके काय होते, याची सुरुवातीची मांडणी १८८१ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी केली. रेडिओच्या लहरींमुळे ज्यांचे नाव वारंवारतेच्या एककाला मिळाले, तेच हे हर्ट्झ. टणक गोल वस्तू काचेवर दाबली गेली, की संपर्काच्या वर्तुळाच्या कडेला ताण सर्वांत जास्त असतो आणि तिथून तडा खाली पसरत जाऊन शंकूचा आकार घेतो. वरून पाहिले तर मध्ये खड्डा आणि भोवती चंदेरी चकती. कधी त्यातून ताऱ्यासारखे पाय फुटतात. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्वेकडच्या काठावर वसले आहे, त्यामुळे रस्त्यावरची काळी गिट्टी काचेला पुरून उरेल इतकी टणक असते.

खड्ड्यापेक्षा काळजी करायची ती तड्याच्या टोकाची. टोक जितके अणकुचीदार, तितका तिथे ताण एकवटतो. तडा पुढे कधी सरकतो याचा ऊर्जेचा हिशेब ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये मांडला, तोही काचेवरच प्रयोग करून. त्यात पाणी भर घालते. दमट हवेतले पाण्याचे रेणू टोकापर्यंत शिरतात आणि सिलिकॉन-ऑक्सिजनचे ताणलेले बंध तोडतात. मग कुणी हातही न लावता तडा हळूहळू वाढत राहतो. मेमध्ये चार महिने जुना असलेला टवका जुलैत अचानक हातभर लांब झाला, तर नवल नाही.

उन्हाचा हिशेब मात्र लोक उलटा मांडतात. ४० अंशांनी तापलेली एक मीटर काच साधारण एक तृतीयांश मिलिमीटरने वाढते. नवतप्यात धरमपेठेत उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे दार उघडून आपण एसी फुल करतो आणि काच तडकली की एसीला बोल लावतो. थंड झोत थेट काचेवर मारला तर धोका आहेच. पण टवका असतो बाहेरच्या बाजूला, आणि तापलेल्या काचेवर बाहेरून पाइपने गार पाणी सोडले, की तोच बाहेरचा पृष्ठभाग एकदम आकसून ताणाखाली येतो. तडा उघडायला एवढे पुरते. भर दुपारी गाडी धुणे हे माझ्या मते एसीपेक्षा मोठे पाप आहे.

दुरुस्तीला लोक ‘चिकटवणे’ म्हणतात. खरे काम आहे तड्यातली हवा काढून तिथे रेझिन, म्हणजे नंतर कडक होणारा पारदर्शक द्रव, पोचवणे. तडा चमकतो, कारण आतल्या हवेच्या फटीवरून प्रकाश परावर्तित होतो. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते याचे माप, साधारण १.५२; रेझिन त्याच्या जवळपासचा निवडलेला असतो, म्हणून तडा भरला की चमक जाते. कारागीर रबरी चकत्यांनी पकडणारा स्टँड काचेवर बसवतो, त्यातली बारीक नळी खड्ड्यावर टेकवतो आणि दट्ट्या वर ओढतो. हवेचे बुडबुडे रेझिनमधून वर येतात. मग दट्ट्या खाली दाबतो, पुन्हा ओढतो. आतून आरसा धरून पाहिले तर ताऱ्याचा एकेक पाय विझत जाताना दिसतो. शेवटी अतिनील दिव्याखाली रेझिन कडक होते. दिवा लावायचा बाहेरूनच, कारण मधला प्लास्टिकचा पापुद्रा जवळपास सगळे अतिनील किरण अडवतो. आपल्याकडच्या उन्हातही अतिनील किरण भरपूर, म्हणून हे काम सावलीत करावे लागते. नाहीतर रेझिन टोकापर्यंत पोचायच्या आतच घट्ट होते. काचही तापलेली नको. सकाळची वेळ गाठलेली बरी. तोवर टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून धूळ-पाणी अडवा. फेविक्विक नको; ते एकदा आत गेले की रेझिनला वाट राहत नाही.

दाराची काच वर-खाली होते, म्हणून भरलेला खड्डा पात्याने तासून अगदी सपाट करावा लागतो. उंचवटा राहिला तर बीडिंगचे रबर तिथे घासत राहते. शिवाय दार आपटल्याचा धक्का थेट काचेला बसतो. तडा कडेपर्यंत गेला असेल, आतली काचही फुटली असेल किंवा पापुद्रा पांढरट झाला असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका. काही गाड्यांत या दोन काचाही अंशतः टफन केलेल्या असतात. तिथे कारागीर नाही म्हणाला तर त्याचे ऐका.

एक सूचना मात्र टवक्याशी संबंधित नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संस्थेने २०१९ मध्ये अडकलेल्या गाडीतून बाहेर पडण्यासाठी काच फोडायची सहा अवजारे तपासली. चार अवजारांनी टफन्ड काच फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरीच्या खालच्या वस्त्यांत पाणी शिरलेले नागपूरकरांनी पाहिले आहे. तुमच्या पुढच्या दारांत लॅमिनेटेड काच असेल, तर मागच्या दारांची कडही आजच तपासून घ्या. पुष्कळ गाड्यांत मागे टफन्डच असते, आणि हातोडी मारायची वेळ आलीच तर ती तिथे मारायची.