एक सोनेरी पट्टी: नौदलाचा सब-लेफ्टनंट की मर्चंट नेव्हीचा फोर्थ इंजिनिअर?

सातारा-सांगलीकडं 'पोरगं नेव्हीत लागलं' या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या नोकऱ्या खपून जातात. फौजेच्या बाबतीत असं होत नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात खांद्यावरचे दोन तारे बघून शाळकरी पोरसुद्धा 'लेफ्टनंट' म्हणून मोकळं होतं. समुद्रावरच्या पट्ट्यांची एवढी सवय आपल्याकडं नाही. त्यात इंजिनकडचा अगदी धाकटा अधिकारी असला की गोंधळ वाढतो, कारण भारतीय नौदलाचा इंजिनिअरिंग शाखेतला सब-लेफ्टनंट आणि व्यापारी जहाजावरचा फोर्थ इंजिनिअर, दोघांच्याही खांद्यावर सोनेरी पट्टी एकच.

फोटोवरून ओळखायचं तर पट्टीचा आकार बघा. नौदलाच्या पट्टीला वर गोल वेटोळं असतं. व्यापारी जहाजावरच्या इंजिनिअरची पट्टी सहसा सरळ असते आणि तिला लागून जांभळा रंग असतो. इलेक्ट्रिकल अधिकाऱ्याला त्याच जागी हिरवा. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण वेटोळं आणि जांभळा एवढं धरलं तरी बहुतेक वेळा चुकत नाही.

या जांभळ्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक कहाणी फिरते: 1912 मध्ये टायटॅनिकबरोबर सगळे इंजिनिअर बुडाले, म्हणून राजानं तो रंग बहाल केला. इंजिनिअर बुडाले हे खरं, रंगाची गोष्ट खोटी. ब्रिटिश नौदलानं 1863 मध्येच शाखांना रंग वाटून दिले होते. डॉक्टरांना लाल, हिशेबनिसांना पांढरा आणि इंजिनिअरांना जांभळा. म्हणजे हा रंग मुळात नौदलाचाच.

दोघांचा पूर्वजही एकच. 1820 नंतर ब्रिटिश नौदलात वाफेची जहाजं आली, तेव्हा इंजिनाबरोबर ते चालवणारा माणूसही कारखान्याकडूनच यायचा. 1837 मध्ये या लोकांना वॉरंट दर्जा (पूर्ण अधिकाऱ्याच्या खालचा) मिळाला, तोही जहाजावरच्या सुताराच्या खालचा. 1847 मध्ये चीफ इंजिनिअर कमिशन, म्हणजे अधिकारपदाची सनद, मिळून अधिकारी झाला, पण त्याच्या हाताखालचा असिस्टंट इंजिनिअर वॉरंटवरच राहिला. डेकवरच्या अधिकाऱ्यांच्या लेखी ही मंडळी तेलकट हातांची, त्यामुळं पट्टीवरचं वेटोळंही त्यांना नाकारलेलं. 1903 मध्ये असिस्टंट इंजिनिअरचा 'इंजिनिअर सब-लेफ्टनंट' झाला, तरी वेटोळ्यासाठी 1915 पर्यंत थांबावं लागलं. जांभळा रंग 1955 मध्ये गेला. व्यापारी जहाजांनी मात्र तो सोडला नाही.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावर गेली. तिथल्या नौदलात 1842 च्या कायद्यानं चीफ इंजिनिअर आणि खाली फर्स्ट, सेकंड, थर्ड असिस्टंट अशी उतरंड बसवली, आणि 1899 मध्ये ती सगळी शाखाच डेकवरच्या अधिकाऱ्यांत विलीन केली. नाव तेवढं व्यापारी जहाजांवर उरलं. अमेरिकन जहाजावरचा थर्ड असिस्टंट म्हणजे आपल्याकडचा फोर्थ इंजिनिअर. परदेशी कंपनीचं पत्र वाचताना 'थर्ड' दिसला म्हणून बढती समजू नका.

आता कामाचं. फोर्थ इंजिनिअरकडं बहुधा प्युरिफायर आणि एअर कॉम्प्रेसर येतात. जड इंधन साधारण 98 अंशांपर्यंत तापवून प्युरिफायरमध्ये फिरवतात, म्हणजे पाणी आणि गाळ वेगळा होतो. त्याहून वर नेलं तर पाणी उकळायला लागतं. आत ग्रॅव्हिटी डिस्क नावाची चकती असते. तिचं भोक गरजेपेक्षा मोठं असेल तर तेल अडवून धरणारं पाण्याचं सील तुटतं आणि तेलच गाळाच्या (स्लज) टाकीत जातं. भोक लहान असेल तर पाणी तेलाबरोबर पुढं जातं, आणि ते कळतं इंजिन कुरकुरल्यावर. तेलाची घनता बदलली की चकती तपासायची आणि बाऊल, म्हणजे प्युरिफायरचं फिरतं भांडं, उघडून धुवायचा. हे सगळं तो स्वतः पाना हातात घेऊन करतो.

नौदलात पाना शक्यतो आर्टिफिसरच्या, म्हणजे कुशल कारागीर नौसैनिकाच्या, हातात असतो. ब्रिटिशांनी 1868 मध्ये इंजिन रूम आर्टिफिसर हे पद निर्माण केलं, तेव्हापासून ही वाटणी आहे: कारागिरी त्याची, जबाबदारी अधिकाऱ्याची. सब-लेफ्टनंट लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर तांत्रिक प्रशिक्षण घेतो. 1945 पासून नौदलाचं इंजिनिअरिंगचं शिक्षण तिथं चालतं. शिवालिकसारख्या जहाजावर त्याच्यापुढं डिझेल इंजिन आणि गॅस टर्बाइन दोन्ही असतात. शिवाय आग लागली, पाणी शिरलं, तर डॅमेज कंट्रोलचा भार इंजिनिअरिंग विभागावरच येतो.

मोठा फरक हुद्द्याच्या मुळाशी आहे. सब-लेफ्टनंटला राष्ट्रपतींचं कमिशन असतं. तो गावच्या जत्रेला सुट्टीवर आला तरी सब-लेफ्टनंटच, सैन्यातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा, मूळ वेतन 56,100 पासून. फोर्थ इंजिनिअर ही त्या जहाजावरची जागा आहे. ती मिळते एमईओ (मरीन इंजिनिअर ऑफिसर) क्लास फोर प्रमाणपत्रावर आणि टिकते करार संपेपर्यंत. थर्ड इंजिनिअरलाही हेच प्रमाणपत्र चालतं. सेकंडला क्लास टू लागतो, चीफला क्लास वन.

वाटाही वेगळ्या. नौदलाच्या बी.टेक. प्रवेशासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणितात मिळून 70 टक्के, दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत 50 टक्के, जेईई मेनचा क्रमांक, मग एसएसबी (निवड मंडळाची मुलाखत), आणि पुढं केरळातली एझिमलाची नौदल अकादमी. मर्चंट नेव्हीसाठी आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी) सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांचं मरीन इंजिनिअरिंग. किंवा वालचंदसारख्या कॉलेजातून मेकॅनिकल झालं असेल तर एक वर्षाचा जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) कोर्स, आणि मग समुद्रावर किमान 6 महिने काढल्यावर क्लास फोरची लेखी-तोंडी परीक्षा.

फसवणूक होते ती या दोन्हींच्या मधल्या फटीत. 'नेव्हीत लावतो' म्हणून लाखांत पैसे मागणारा एजंट नौदलाचा असूच शकत नाही, कारण नौदलाच्या भरतीत एजंट नसतोच. तो मर्चंट नेव्हीचं म्हणाला, तर कंपनीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना क्रमांक मागा आणि डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीचं केंद्रीय महासंचालनालय) संकेतस्थळावर तो चालू आहे का ते बघा. नोकरी लावून दिल्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला परवानाधारकालाही बंदी आहे. नुसता सीडीसी (खलाशाचं ओळख-पुस्तक) हातात पडला म्हणजे जहाज मिळालं असं नाही, आणि कोर्सला पैसे भरण्याआधी ती संस्था डीजी शिपिंगच्या मान्यतेच्या यादीत आहे का, हेही त्याच ठिकाणी दिसतं.