टुरेट म्हणजे शिव्या, ही समजूत आली कुठून?

टुरेट सिंड्रोमचं नाव ज्यांच्या कानावर आलेलं असतं, त्यांतले बरेच जण म्हणतात, "तोच ना, शिव्या देण्याचा आजार?" ज्यांनी ते ऐकलेलं नसतं, ते सारखे डोळे मिचकावणाऱ्या, मान झटकणाऱ्या, खाकरणाऱ्या मुलाच्या आईला सल्ला देतात, "वाईट खोड आहे, वेळीच मोडा." दोन्ही चूक. टुरेट हा मेंदूशी संबंधित आजार आहे आणि त्यात असे झटके आणि आवाज इच्छा नसताना होतात. पण या समजुतींसाठी लोकांना अडाणी ठरवणं अन्यायाचं होईल, कारण या दोन्ही समजुती आधी डॉक्टरांच्या लेखांत छापून आल्या आणि मग घराघरांत पोहोचल्या.

1825 साली फ्रेंच वैद्य ज्याँ ईतार यांनी दांपिएर घराण्यातल्या एका सरदारपत्नीची हकीकत प्रसिद्ध केली. वयाच्या सातव्या वर्षी तिच्या हातांना झटके येऊ लागले, पुढे मान, खांदे, चेहरा, मग तोंडून विचित्र आवाज. चारचौघांत बोलता बोलता तिच्या तोंडून अर्वाच्य शब्द निघत आणि त्याची तिला स्वतःलाच सर्वांत जास्त लाज वाटे. उच्च कुळातली सुसंस्कृत बाई आणि तोंडी असली भाषा! या विसंगतीमुळेच ती हकीकत डॉक्टरांच्या लक्षात राहिली. त्याच शब्दांच्या जागी ती नुसती खाकरली असती, तर तिच्याबद्दल कुणी एवढं लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

साठ वर्षांनी, 1885 मध्ये, पॅरिसच्या सालपेट्रियेर रुग्णालयातले तरुण डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी नऊ रुग्णांवर लेख लिहिला. त्यांचे गुरू शार्को यांनी पुढे या आजाराला शिष्याचं नाव दिलं. त्या नऊ जणांत पहिली कोण, तर तीच सरदारपत्नी. टुरेट यांनी तिची माहिती मुख्यतः ईतार यांच्या लेखावरून घेतली होती. नऊपैकी सगळेच काही अपशब्द बोलत नव्हते. तरीही झटके, ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणं आणि अर्वाच्य बोलणं ही त्रयी या आजाराची ओळख होऊन बसली. प्रत्यक्षात अनिच्छेने अपशब्द निघण्याचं लक्षण साधारण दहा ते पंधरा टक्के रुग्णांतच दिसतं. त्यामुळे ज्या मुलाच्या तोंडून शिवी येत नाही, त्याच्या आजाराला नाव मिळायलाच कित्येक वर्षं लागतात.

टुरेट यांचं एक मत मात्र पुढच्या पिढीने जपायला हवं होतं. हा आजार आनुवंशिक आहे, असं ते मानत. घडलं उलटंच. 1902 मध्ये आंरी मेज आणि फेंडेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी टिकवर, म्हणजे अशा अनिच्छेने होणाऱ्या झटक्यांवर आणि आवाजांवर, मोठा ग्रंथ लिहिला. टिक म्हणजे कमकुवत इच्छाशक्ती, रुग्णाचं मन लहान मुलासारखं अपक्व, म्हणून उपाय शिस्तीचा, असा त्यांचा सूर होता. 1921 मध्ये हंगेरीचे मनोविश्लेषक शांदोर फेरेन्झी यांनी टिकचा संबंध दडपलेल्या लैंगिक प्रेरणांशी जोडला. अशा रुग्णांचा त्यांना स्वतःला फारसा अनुभव नव्हता. त्यांची मांडणी बरीचशी मेज-फेंडेल यांच्या ग्रंथावर उभी होती. या इतिहासातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट मला हीच वाटते. फारसे रुग्ण न पाहता मांडलेल्या एका तर्कापायी पुढची चार दशकं मुलांना आणि त्यांच्या आईबापांना प्रश्न विचारले गेले, की घरात काय बिघडलं आहे, कोणता राग दाबून ठेवला आहे.

हे चित्र पालटलं ते एका औषधामुळे. 1961 च्या सुमारास युरोपात काही डॉक्टरांना हॅलोपेरिडॉलने टिक कमी होतात असं आढळलं. न्यूयॉर्कमध्ये आर्थर आणि इलेन शापिरो या दांपत्याने 1965 मध्ये एका तरुणीवर ते वापरलं आणि 1968 मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनावर काम करणाऱ्या औषधाने झटके आटोक्यात येत असतील, तर आईच्या वागण्यात कारण शोधणं आता टिकणारं नव्हतं. त्या औषधाचे दुष्परिणाम त्रासदायक होते, आजही आहेत. पण त्याने कुटुंबांच्या डोक्यावरचा दोष उतरवला. 1972 मध्ये अशाच कुटुंबांनी न्यूयॉर्कमध्ये टुरेट सिंड्रोम असोसिएशन स्थापन केली.

आज निदानासाठी हालचालींच्या एकाहून अधिक टिक, आवाजाची किमान एक टिक, अठरा वर्षांच्या आत सुरुवात आणि वर्षाहून जास्त काळ एवढं पाहिलं जातं. शिव्यांची अट नाही. आजार मुलींपेक्षा मुलग्यांत तीन-चार पट दिसतो, दहा-बारा वर्षांच्या आसपास जोर करतो आणि तारुण्यात अनेकांचा बराच ओसरतो.

इच्छाशक्तीचा आरोप मात्र अजून गेलेला नाही, आणि त्याला एक कारण आहे. टिक काही वेळ रोखता येते. शिंक येण्याआधी नाकात हुळहुळतं, तशी टिकच्या आधी शरीरात एक अस्वस्थता दाटते आणि टिक झाल्यावरच ती सुटते. मूल वर्गात तासभर सगळं दाबून धरतं आणि घरी आल्यावर झटक्यांची रांग लागते. बाई म्हणतात, "शाळेत तर काहीच करत नाही". घरचे समजतात, आपल्यासमोरच नाटक करतो. त्या तासाभरात त्याचं निम्मं लक्ष फळ्याकडे नसून स्वतःच्या मानेकडे असतं, हे दोघांनाही दिसत नाही.

अस्वस्थतेची हीच जाणीव आता उपचारात वापरली जाते. 1973 मध्ये अझरिन आणि नन यांनी सुचवलेल्या पद्धतीत मुलाला ती चाहूल ओळखायला आणि टिकच्या जागी तिला अडवणारी दुसरी हालचाल करायला शिकवतात. त्यावरून पुढे विकसित झालेली थेरपी अमेरिकेत 126 मुलांवर तपासली गेली आणि 2010 मध्ये तिचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या थेरपीत घर आणि शाळाही येतात. टिक झाली की रागावू नका, थांबव म्हणू नका, फाजील लाडही करू नका, बोलणं चालू होतं तिथून पुढे चालू ठेवा, असं पालकांना आणि शिक्षकांना सांगितलं जातं.